झाकणावरचा शेंदूर

माझा देवावर विश्वास होता, पण स्वतःच्या कानावरचा उडाला होता. मेकॅनिकचा कान गेला की त्याच्याकडे राहतं काय, ही एकच काळजी त्या वर्षी मला पोखरत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्यात रस्त्याकडेला माझं छोटं गॅरेज होतं. मी काम शिकलो ते कानाने. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते ऐकायचं. मग एका पावसाळ्यात मोठा ताप आला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. उजवाही पूर्वीसारखा राहिला नाही. हे मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कोणी बोललं की अंदाजाने मान हलवायची, हसण्यासारखं वाटलं तर हसायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने वडील गेल्याचं सांगितलं आणि मी हसलो. तेव्हापासून हसणंही कमी केलं.

दर शनिवारी मारुतीला जायचो. पूर्वी नुसते हात जोडायचो, आता मागणं सुरू झालं होतं. मला कान परत दे, नाहीतर निदान कोणाला कळू देऊ नको. दुसरं मागणं जास्त मनापासून होतं, हे आज कबूल करतो. मारुतीचा शेंदूर मी एका डबीत आणून ठेवायचो आणि इंजिनाचं काम पुरं झालं की तेलात कालवून गाडीला बोट लावायचो. ही माझ्या उस्तादांची पद्धत. पण कानाची भीती बसल्यापासून माझं बोट जरा जास्तच भरून यायला लागलं होतं.

रोह्यातल्या एका डॉक्टरसाहेबांकडे जुनी इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स कार होती. दोनच माणसांची, लाल, जमिनीला पोट टेकेल की काय इतकी बुटकी. तिशीत घेतलेली ती गाडी त्यांनी साठी उलटली तरी जपली होती आणि माझ्याशिवाय तिला कोणाचा हात लागू देत नव्हते. त्या उन्हाळ्यात मी तिचं इंजिन उतरवून व्हॉल्व्ह बसवले. डॉक्टरांनी बॉनेटला नवा रंग दिला होता, म्हणून शेंदूर तिथे न लावता मागच्या बाजूच्या पेट्रोलच्या झाकणावर लावला. चांगला जाड, रुपयाएवढा.

आणि गाडी बिघडली. आठ-दहा किलोमीटर झकास जायची, मग गचके खायची आणि बंद पडायची. पाहावं तर कार्बोरेटर कोरडा, पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं. पेट्रोलची नळी सोडून टाकीच्या दिशेने तोंडाने जोरात फुंकर मारली की पुन्हा चालू, पुन्हा तेवढंच अंतर. टाकीत कचरा आहे म्हणून नळी साफ केली, पंपाचा पडदा बदलला, जाळी धुतली. उपयोग शून्य. मग रोज सकाळी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकत बसायला लागलो. आत समुद्रासारखी घूं घूं यायची. ती इंजिनाची की माझ्या डोक्यातली, हे सुद्धा सांगता येईना. दुसऱ्या कोणाला विचारावं, तर तो म्हणणार, ऐकून सांग ना. मी घाबरलो होतो.

एका शनिवारी डॉक्टर आले आणि शांतपणे म्हणाले, "उद्या पनवेलपर्यंत नेऊन आण. न थांबता परत आली तर उत्तम. नाहीतर मुंबईला एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे पाठवू. तू मनाला लावून घेऊ नको." ते रागावले असते तर बरं झालं असतं. गाडी मुंबईला गेली की रोह्यात दोन दिवसांत षट्कर्णी होणार, आणि मग कोणीतरी माझ्या कानापर्यंत पोचणार, हे मला दिसत होतं.

रविवारी सकाळी निघालो. नागोठण्याच्या अलीकडे पहिल्यांदा थांबली, वडखळच्या आधी दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा फुंकर मारून पुढे काढली. पेणला पंपावर झाकण उघडून पेट्रोल भरलं, झाकणावरच्या शेंदराला हात जोडले आणि म्हटलं, आता तूच ने. हमरापूरच्या फाट्यावर तिने तिसऱ्यांदा मान टाकली. वैशाखाचं ऊन, तोंडात पेट्रोलची चव, आणि पनवेल अजून लांब. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि मला रडू आलं. चाळीशीचा बाप्या मी, पण आलं.

समोर गणपतीचा कारखाना होता. कुडाच्या शेडमध्ये रंगाविना पांढरे गणपती ओळीने मांडलेले. तिथून एक पन्नाशीची बाई तांब्या घेऊन आली. मी डोळे पुसतोय हे तिने पाहिलं, पण दाखवलं नाही.

"पानी घ्या, दादा. काय झाला गारीला?"

तिचं तोंड समोर होतं म्हणून कळलं. मी सांगितलं की पेट्रोल आहे, पण थोडं गेलं की पुढे यायचंच थांबतं, फुंकलं की पुन्हा येतं.

"मंग हवा मिलत नसल," ती म्हणाली. जशी काही भाजीत मीठ नाही म्हणाली.

मला हसू आलं. ती मात्र शेडमधून तेलाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. वर दोन कोपऱ्यांत दोन भोकं पाडलेली. तिने डबा वाटीवर तिरका केला, तेल धारेने यायला लागलं. मग दुसऱ्या भोकावर अंगठा दाबला. धार बारीक झाली, गचके खाल्ले आणि थांबली. अंगठा काढला, पुन्हा धार.

"एकच भोक पारला तर तेल कसा येल? आत वारा गेला पायजे ना. तुमच्या टाकीला वाऱ्याची वाट कुठं हाय?"

माझ्या अंगावर काटा आला. टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत येते. हे मला पोरवयापासून माहीत. मी गाडीच्या मागे गेलो. भोक होतं तिथे माझा शेंदूर होता, तेलात कालवलेला, वाळून दगड झालेला. इतके दिवस मी नळीत फुंकत होतो, तेव्हा कचरा हलत नव्हता. टाकीला माझ्या तोंडची हवा मिळत होती, एवढंच.

झाकण समोर होतं, पण नखाने तो शेंदूर खरवडायला माझा हात धजेना. मारुतीचा होता तो.

बाईने माझ्याकडे पाहिलं. "मी रोज देवाला पालिश पेपरानं घासते. मला काय होत नाय." असं म्हणून तिने रंगाच्या पिचकारीचं तोंड मोकळं करायची बारीक तार आणली, पुटपुटत एक नमस्कार केला आणि शेंदूर टोकरून काढला. मग झाकण फिरवलं. "आयकलात? कसा वारा गेला आत."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. ती उजेडात उभी होती म्हणून ओठांवरून प्रश्न कळला, पण झाकण माझ्या डाव्या अंगाला होतं. मी म्हटलं, "व्हय, आयकला."

त्यानंतर गाडी पनवेलला गेली आणि तिथून थेट रोह्याला आली, एकदाही न थांबता. मला आनंद व्हायला हवा होता. पण वाटभर ते एकच वाक्य टोचत होतं. ज्या बाईने मला वाचवलं तिच्याशी मी तिथल्या तिथे खोटं बोललो होतो. आणि दुसरंही उमगलं. पेणच्या पंपावर मी स्वतः झाकण उघडलं, तेव्हाही टाकीने असाच श्वास ओढला असणार. इंजिन मला सांगत होतं. मी बहिरा होतो, आणि बहिरा नाही असं सोंग करत होतो. सोंग नसतं केलं तर पंपावरच्या माणसालाच म्हटलं असतं, बाबा, आवाज येतो का बघ.

डॉक्टर ओसरीवर बसले होते. किल्ली त्यांच्या हातात दिली, शेंदराची हकीकत सांगितली. ते पोट धरून हसले. मी नाही हसलो. उभ्या उभ्याच सांगून टाकलं की साहेब, माझा डावा कान गेलाय, उजवा अर्धा आहे, यापुढे गाडी मला द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

डॉक्टर म्हणाले, "अरे, मी डॉक्टर आहे. वर्षभर तुझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहतोय आणि मोठ्याने बोलतोय. तू स्वतः सांगशील म्हणून वाट बघत होतो."

मी खाली पायरीवर बसलो. कोणाला कळू देऊ नको, असं मी वर्षभर मारुतीपुढे रडत होतो, आणि कळलेला माणूस वर्षभर माझ्या शेजारी उभा होता. त्याने गाडी माझ्याकडून काढली नव्हती. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, माझं बोलणंच तुम्हाला नको झालंय." आणि मग तीही रडली.

अशा अनुभवातला अनोळखी माणूस नंतर शोधायला गेलं की सापडत नाही, असं मी पुष्कळदा ऐकलं आहे. हमरापूरची बाई दुसऱ्या रविवारी तिथेच सापडली, हातात पॉलिश पेपर, अंगभर पांढरी धूळ. मी तिच्याशी खोटं बोललो होतो, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव हाय. तुमचा चेहरा सांगत होता. बसा, चा घ्या." त्या दिवशी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा कारखान्यातल्या सगळ्या गणपतींना एकदम नमस्कार पोचला, असं मला वाटलं.

त्याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मारुतीला मी आजही जातो, पण कान मागत नाही. गॅरेजात इंजिन चालू केलं की जवळ जो असेल त्याला स्क्रू-ड्रायव्हर देतो आणि म्हणतो, ऐक आणि मला सांग. ते सांगतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.