वाफ्यातली पावलं

व्हँकुव्हरला मी सिनेमांसाठी आवाज तयार करायचो आणि एका वयस्क व्हिएतनामी बाईच्या बेसमेंटमध्ये राहायचो. तिला मी आंटी म्हणायचो. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाचा सिनेमा हाती होता. नदीच्या मुखाकडची दलदल, गनिमांच्या मागावर निघालेल्या सैनिकी बोटी, वर हेलिकॉप्टर. चिखलात पळणारी पावलं हवी होती, म्हणून मी आंटीच्या भाजीच्या वाफ्यात पाणी सोडलं आणि अनवाणी पळालो. "पाय धुऊन आत ये," ती हसत म्हणाली. सिनेमा कसला, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिथेच शेण खाल्लं.

पुढच्या शनिवारी मी हेलिकॉप्टरचा आवाज जुळवत होतो. हेडफोनवर नीट कळेना, म्हणून मोठे स्पीकर लावले. खिडकी उघडीच होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. थोड्या वेळानं वरचा स्मोक अलार्म वाजायला लागला. धावत मागच्या अंगणात आलो, तर आंटी वाफ्यात ताठ उभी. खुरपं खाली पडलेलं, दोन्ही पंजे उघडे.

"आंटी, स्टोव्हवर काहीतरी जळतंय. मी चेक करतो."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "डोन्ट रन."

खाली स्पीकर चालूच होता. तो बंद करायलाही तिनं मला सोडलं नाही. आवाज संपेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. मला तिची भीती वाटली आणि स्वतःची लाज.

पातेल्याचा कोळसा झाला होता. खिडक्या उघडून तिनं चहा केला आणि मोडक्या इंग्रजीत सांगत गेली. त्यांच्या गावात एकच नियम होता. हेलिकॉप्टर आलं की असाल तिथे उभं राहायचं, हात दिसू द्यायचे. पळेल तो गनीम, असं हेलिकॉप्टरमधले सैनिक धरून चालायचे. एकदा तिची थोरली बहीण शेतात तशीच उभी राहिली होती. आंटी नदीकाठाला नावेत होती, लहान होती, घाबरली आणि तिनं बहिणीला हाक मारली. बहीण तिच्याकडे पळाली.

"मीच बोलावलं तिला," आंटी म्हणाली. मग विचारलं, "तुझ्या सिनेमात कुणी पळतं का?"

"नाही," मी म्हणालो. "सगळे उभे राहतात."

तिनं मान हलवली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

सोमवारी मी तो सीन पूर्ण करून दिला. त्यात एक बाई शेतातून नदीकडे पळते आणि पाण्याच्या अलीकडे पडते. तिची अकरा पावलं माझी आहेत, आंटीच्या वाफ्यातली.