हिरव्या बांगड्यांचं वाण

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झाला. त्यातला बराचसा मी मीठमसाला लावून नातवंडांना सांगते. ती हसतात, मीही हसते. एक मात्र कधी सांगितला नाही. तीसेक वर्षांपूर्वी सौदीत, अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, मी माझ्या सख्ख्या दिराच्या हातावर भर बायकांत हिरव्या बांगड्या ठेवल्या. तो दीर, श्रीरंग, दीड महिन्यापूर्वी हिमाचलात बर्फाचा कडा सुटला त्याखाली गेला. आता सांगायलाच हवं.

तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! परदेशात राहते म्हणून नाक वर, आणि भारतात असताना पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे काही चढले नव्हते तरी गिर्यारोहणावर ठाम मतं. श्रीरंग दम्मामच्या एका कंपनीत सेफ्टी इंजिनीअर होता. लग्न केलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा आणि जेवायला वर यायचा. वर्षभराची रजा साठवून ऐन थंडीत हिमालयात जायचा. बाकीचे लोक रजेत आईच्या हातचं खायला घरी जातात, हा गोठायला जायचा. त्या वर्षी तो एका शिखरावर गेला होता आणि त्याच्याकडून काही कळायच्या आत मी ते शिखर सर करून मोकळी झाले होते. तिथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक बाईला फोन करून सांगितलं, आमच्या भावजींनी झेंडा लावला म्हणून. हळदीकुंकवाला पडदे ओढून घेतलेले, नवरे समुद्राकाठी कॉर्निशवर फिरायला पिटाळलेले, तिळगुळाचं ताट फिरतंय आणि दारात श्रीरंग. विमानतळावरून थेट आलेला. चेहरा उन्हाने करपलेला, ओठ फुटलेले.

"काय भावजी, लागला का झेंडा?" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"नाही वहिनी. दोनेक तासांचं राहिलं होतं. परत फिरलो."

"का? पाय मोडला?"

"पाय धडधाकट आहे. वाऱ्याने रात्रीत सगळा बर्फ आमच्या उतारावर आणून टाकला होता. पाऊल टाकलं की खालून पोकळ आवाज यायचा."

"आवाज आला म्हणून परतलात?"

बायका हसल्या. मला चेव आला. त्या वर्षी मी वाण म्हणून काचेच्या बांगड्या लुटत होते. त्यातल्या दोन उचलल्या, त्याच्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, "घ्या, तुम्हालाच शोभतील." हसणं एकदम थांबलं. श्रीरंगने बांगड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माप घट्ट आहे, वहिनी," एवढंच म्हणाला, त्या शर्टाच्या खिशात घातल्या आणि तिळगूळ घेऊन खाली गेला. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मला मात्र आपण फार मोठा विनोद केला असंच वाटत होतं...

महिन्याभराने यांच्या एका मित्राचं पत्र आलं. श्रीरंग परतल्यावर तिसऱ्या दिवशी दुसरी तुकडी त्याच उतारावरून गेली होती. त्यातले दोघे सापडलेच नाहीत. हे ते पत्र मोठ्याने वाचत होते, मी पोळ्या लाटत होते, तव्यावरची पोळी काळी झाली. श्रीरंग जेवायला आला की क्षमा मागायची असं ठरवलं होतं. मागितली नाही. शिरा केला. आमच्या घरात जे बोलता येत नाही त्याचा शिरा होतो.

त्याने तो विषय कधी काढला नाही. उलट मलाच शिकवायला बसला. एकदा माझ्या स्वयंपाकघरातलं मोठं ताट घेतलं, त्यात साखर पसरली, वर कणकेचा जाड थर दाबून बसवला आणि ताट हळूहळू तिरकं केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग अख्खा थर एकदम फाटला आणि लादीसारखा घसरून माझ्या ओट्यावर आला. "वरून घट्ट दिसतो ना? खाली साखर असते वहिनी. वरच्याला पत्ताच नसतो." मी म्हटलं, "कणीक कोण भरणार?" त्याने भरली. पुढे दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो मंडळातल्या पोरांना गाडीत घालून हाफ मून बेजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर न्यायचा. वारा येतो त्या बाजूची वाळू टणक, पलीकडची भुसभुशीत, पाय ठेवला की खाली वाहणारी. वाळवंटात राहून बर्फ शिकवणारा मास्तर मी तरी दुसरा पाहिला नाही. चढायचं असेल तर "यल्ला", परतायचं असेल तर "खलास". आणि खलास कुणीही म्हणू शकतो, त्यावर वाद नाही, हा त्याचा नियम. बर्फ खणायचं त्याचं ॲल्युमिनियमचं फावडं वर्षातले अकरा महिने माझ्या बाल्कनीत असायचं. धुळीचं वादळ झालं की त्याच फावड्याने वाळू काढून द्यायचा आणि म्हणायचा, "सराव होतोय."

त्या पोरांतलीच एक नफिसा. तिचे वडील रत्नागिरीकडचे, खोबरमध्ये दुकान. सहा वर्षांची असताना वाळूवरून घसरत यायची. आता इंजिनीअर झाली आहे. यंदा श्रीरंगबरोबर गेलेल्या तिघांत ती होती. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपणार होता. म्हणून या पोरांबरोबरची ही शेवटची थंडी, असं जाताना म्हणाला.

बातमी शुक्रवारी दुपारी आली. मुलाने फोन घेतला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. लोकांना वाटतं म्हातारी रडली असेल. रडले नाही. मला फक्त एकच दिसत होतं, काचेच्या दोन बांगड्या. साठीला आलेला माणूस, शेवटची संधी, थोडंसं राहिलेलं शिखर... तेव्हा त्याच्या कानात माझा आवाज तर आला नसेल? ज्या माणसाने जन्मभर परत फिरायला शिकवलं, तो या एका वेळी माझ्या त्या फाजील विनोदामुळे पुढे तर गेला नसेल? तीन आठवडे हे मी कुणालाही विचारू शकले नाही. भेटायला येणारे म्हणत, "आवडीच्या जागी गेले." मी मान हलवायची. बाल्कनीत वाळू साचत होती, फावड्याची जागा रिकामीच होती.

मग नफिसा आली. डावा हात गळ्यात अडकवलेला. चहा तसाच ठेवून बसली. मी विचारलं, आणि विचारताना लक्षात आलं की तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारतेय, "शिखर किती राहिलं होतं गं?"

ती म्हणाली, ते शिखराकडे जातच नव्हते. सकाळी थंडीत ओलांडलेला उतार परतताना पुन्हा ओलांडायचा होता. वारा फिरला होता. काकांनी एकेकाला सोडलं, ती आणि बाकीचे दोघे पलीकडच्या खडकाशी पोचले. काका शेवटी निघाले तेव्हा वरचा बर्फ सुटला. तिघांनी धावत जाऊन खणलं. काका सापडले तेव्हा उशीर झाला होता. खणताना तिचा हात मोडला.

"पण परत फिरायचं कुणी ठरवलं?" मी विचारलं.

तिने पिशवीतून एक लोकरीचा मोजा काढला आणि उजव्या हाताने माझ्या मांडीवर उलटा केला. एक हिरवी बांगडी बाहेर पडली. दुसरी पहिल्याच वर्षी फुटली होती म्हणे. ही दर थंडीत मोज्यात गुंडाळून त्याच्या पाठीवर गेली होती, आणि मला पत्ता नव्हता. नफिसाने ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली:

"काकू, मी गप्पच होते. घाबरले होते, पण सांगायची लाज वाटत होती. काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, खलास म्हणाले, आणि ही बांगडी मला दिली. म्हणाले, 'हे आमच्या वहिनीचं वाण आहे. ज्याला भीती आधी कळते त्याला द्यायचं असतं. चल, पुढे तू.'"