बशीतलं काळीज

आमच्या ह्यांना सारं कॉलेज रामकिसनमामा म्हणायचं. सोयगावची शेती भावाकडं सोडून इथं शहरात आले आन् तीस वर्सं प्रयोगशाळेत शिपाई होते. बेडूक मारून, चिरून पोरांपुढं ठेवायचं काम ह्यांच्याकडं. बेडकाचं काळीज काढून मिठाच्या पाण्यात, बशीत ठेवलं तरी ते एकटंच उडत राहायचं. पोरी किंचाळायच्या. हे म्हणायचे, "बेडूक कवाच मेलाय, बाळांनो. काळजाला ठावं नाय, इतकंच."

मला लई राग यायचा. "अवो, उडतंय म्हंजी जीव हाय त्यात! कुठं फेडाल हे पाप?" म्हणून मी कडाकडा भांडायची. बेडकाच्या दिवशी बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याबिगर उंबरा ओलांडू द्यायची नाय. हे आपले हसत पाणी घ्यायचे. म्हणायचे, "जीव काय मुठीत धरायची चीज हाय का, मालन?" पुढं बेडूक कापायला बंदी आली, तवा मी देवाला नारळ फोडला.

औंदा आमचा ऋतुराज, एकुलता एक, बिडकीनच्या कंपनीतून येताना मोटारसायकलवरून पडला. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं आम्हाला बसवून सांगितलं, "त्याचा मेंदू मेलाय. दोनदा तपासलं. श्वास फक्त मशीनवर चालू आहे. तुम्ही हो म्हणालात, तर त्याच्या अवयवांनी चार जण जगतील."

मी पोराच्या छातीवर हात ठेवला. धडधडत होती की! अंग गरम होतं. "मुडदा बशिवला तुमच्या मशिनीचा! जित्ता हाय माझा ऋतू!" मी वरडले. दुसऱ्या हातानं ह्यांची गचांडी धरली. "सांगा ना तिला! गप का?"

ह्यांनी माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. लई येळ ठेवला. मग म्हणाले, "काळजाला ठावं नाय, मालन."

मी ह्यांची गचांडी सोडली. त्यांनी कागदावर सही केली, मग मी बी केली.

तेराव्याला पाव्हणे गेले आन् हे बाहेरच्या नळावर जाऊन बसले. अंगावर तांब्यावर तांब्या ओतत होते, थांबंनात. मी टावेल घेऊन गेले. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "मालन, ते बेडूक... मेलेलेच होते ना गं?"

इतकी वर्सं मी ज्यावरून भांडले, तेच इचारत होते.

"व्हय," मी म्हणाले. "मेलेलेच होते. चला घरात."