भोपळ्यातल्या शेवया

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी भोपळ्याची कळी दोऱ्यानं बांधली. दिवस मावळायला आल्ता. माझी बायको परसातल्या वेलाजवळ उकिडवी बसली, सकाळी उमलणारी मादी कळी दोन बोटांत धरली न् म्हणाली, दोरा द्या. मी दिला. कळीच्या तोंडाला तिनं दोन वेढे मारले, गाठ अशी की ओढली की सुटावी. शेजारच्या दोन नर कळ्याही तशाच बांधल्या. मंग हात झटकले न् भाकरी टाकायला गेली. येवढंच.

हे ती बियाण्याच्या प्लॉटवर शिकलेली. जालन्याच्या कंपन्यांसाठी आमच्याकडं बियाणं पिकवतात, तिथं बाया रोजानं क्रॉसिंगला जातात. संध्याकाळी कळी बांधायची, म्हंजी माशी दुसरीकडचं काही आणून टाकत न्हाई. सकाळी सोडायची न् नराची पिवळी भुकटी मादीला लावायची. तिची निम्मी उमर त्यात गेली. मी कधी हात लावला न्हाई. माझा हात बैलाच्या कासऱ्याचा, फूल धरलं की चुरगळायचं.

हा भोपळा लेकीमुळं आला. ती संभाजीनगरात नोकरीला. डॉक्टरनं तिला गहू कायमचा बंद केला. चपातीचं तिला काही न्हाई, भाकरी खाती. पण आईच्या हातच्या शेवया गेल्या, न् शहरात आवडीनं पास्ता खायची तोही गेला. पास्ता म्हंजी परदेशातल्या शेवयाच, असं तिनंच सांगितलं. मंग कुठून तरी ह्या बियांचं पाकीट घेऊन आली. म्हणाली, लोकं हा भोपळा पास्त्याच्या जागी खातात. मी म्हणालो, भोपळा तो भोपळा.

पहिलं फळ पिकून पिवळं झालं, खरबुजायेवढं. बायकोनं नेहमीसारख्या फोडी करून भाजी टाकली. झाकण काढलं तर सगळे दोरेच दोरे. दोडका जून झाला की असे दोरे धरतो, त्याला कोणी खात न्हाई. तिनं पातेलं तसंच म्हशीपुढं रिकामं केलं. फोनवर लेकीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "आई, तू पास्ता म्हशीला घातला."

दुसरं फळ लेक आल्यावर कापलं. आडवं चिरून दोन वाट्या केल्या, बिया काढल्या, वाफवलं. तोवर दिसायला साधाच भोपळा. लेकीनं आतून चमच्याचं टोक फिरवलं न् शेवया सुटायला लागल्या. लांब, एकसारख्या, पिवळ्याधमक. खरवडावं तितक्या निघून राह्यल्या. मी बाजेवरून उठून जवळ आलो. बायकोनं दर उन्हाळ्यात शेवया वळलेल्या, एकसारखी शेवई काढायला काय लागतं ते तिला ठाऊक. तिनं एक शेवई उचलून उजेडात धरली. मंग माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, आत बसून ह्या वळल्या कोणी?"

आम्ही शेण टाकलं, पाणी दिलं, दुसरं काय केलं? मातीला शेवया कोण शिकवतं?

चव म्हणाल तर बिलकुल न्हाई, खरं सांगतो. करकर लागतं. लसूण-टमाट्याची फोडणी न् शेंगदाण्याचा कूट पडला तेव्हा कुठं तोंडाला लागलं. पण लेकीनं ताट पुसून खाल्लं, न् तिची आई तिच्याकडं बघत राह्यली.

आम्ही बी धरलं. पुढच्या साली भोपळे आले, पण आत दोरा न्हाई, नुसता गर. शेजारच्या शेतात झुकिनी होती, ह्याच भोपळ्याची परदेशी भावकी, तिथल्या माशांनी घोळ केला असं बायको म्हणाली. तसलं पाकीट पुन्हा मिळंना. जुन्या पाकिटाच्या तळाला राह्यलेल्या बियांतून औंदा हा एकच वेल आला. आधी बांधलेल्या कळ्या गळाल्या, वेल थकला, ही मादी शेवटची. हिचं बी धरलं तर लेकीच्या शेवया पुढं चालणार, न्हाईतर संपल्या.

कळी बांधली त्याच रात्री बायको झोपेतच गेली.

सकाळी लेकीला फोन केला, ती निघाली. घरात बाया, ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला, तो तसाच गार झाला. ऊन वर येऊन राह्यलं होतं. भोपळ्याचं फूल एकाच सकाळी उमलतं. ऊन तापलं की मिटतं, पुन्हा न्हाई.

मी उठलो. भाऊ मागं आला, "दादा, कुठं चालले?"

"तिचं काम राह्यलंय."

तो तिथंच थांबला.

मी वेलाजवळ बसून गाठ ओढली, ती सुटली. फूल माझ्या बोटांसमोर हळूहळू उघडलं, हळदीसारखं पिवळं, आत दव. आदल्या दिवशीपर्यंत ती बोटभर हिरवी कळी होती. बघतच राह्यलो. मंग नर तोडला, ती सोलायची तशा त्याच्या पाकळ्या सोलल्या, न् मधला दांडा मादीच्या पोटात टेकवून फिरवला. चुरगळलं न्हाई. दुसऱ्या नराचंही केलं. पाकळ्या मिटवून पुन्हा दोरा बांधला. तिची गाठ मला येत न्हाई, मी कासऱ्याची मारली.

मंग आत जाऊन तिच्याजवळ बसलो. बोटं पिवळी झाल्ती. धुतली न्हाई.