आठ पावलांची सावली

बाबाजी मेस्त्रींची सायकल दर शुक्रवारी सकाळी सहाला कामगारांच्या कँपच्या फाटकाबाहेर पडायची. सोळा वर्षांत यात खंड पडला तो फक्त सुट्टीवर राजापूरला गेले तेव्हा, नाहीतर टायर फुटला तेव्हा. कॅरिअरला भाकरीचा डबा, हँडलला पाण्याची बाटली. सौदीतल्या हुफूफ शहराचे मोठे रस्ते मागे पडले की खजुराच्या बागा सुरू होत. पुढे कालव्याच्या कडेने जाणारा अरुंद रस्ता, एका बाजूला घासाचे हिरवे वाफे, दुसऱ्या बाजूला संथ पाणी. सात किलोमीटरवर तो पूल लागायचा. आठ पावलं लांब, दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि वर खजुराच्या खोडांचं, मातीने लिंपलेलं छप्पर.

पुलावर छप्पर कशाला, असा प्रश्न पहिल्या दिवशी मेस्त्रींनाही पडला होता. शेजारच्या बागेचा मालक अबू सालेह म्हणाला, "माझ्या पणजोबांनी गाढवांसाठी केलंय. खजुराची ओझी घेऊन येणारी गाढवं इथे दम खायची." तेव्हापासून मेस्त्रीही तिथेच दम खाऊ लागले. आठवडाभर खजुराच्या खोक्यांच्या वर्कशॉपमध्ये करवत ऐकायची आणि शुक्रवारी त्या छपराखाली बसून भाकरी खायची. गावी बायकोला, आनंदीबाईंना, फोनही तिथूनच लागायचा. "पोचलात का पुलावर?" हाच त्यांचा पहिला शब्द.

यंदा त्या रस्त्याला महत्त्व आलं. सायकलवाल्यांसाठी बागांमधून खास मार्ग करायचं ठरलं आणि काम पाहायला चारुदत्त नावाचा तरुण इंजिनिअर आला. मूळचा साताऱ्याचा. छपराखाली उभा राहून त्याने वर टॉर्च मारला. पश्चिमेकडची तीन खोडं वाळवीने पोखरून खाली वाकली होती.

"मेस्त्री, हे छप्पर काढायला लागणार. शनिवारी सकाळी क्रेन येते. पत्र्याची शेड दोन दिवसांत उभी राहील."

"साहेब, इथल्या उन्हात पत्र्याखाली भाकरी भाजून निघेल. आम्ही ती खोलीवरून भाजूनच आणतो."

चारुदत्त हसला, पण मान हलवली. "कुणाच्या डोक्यावर पडलं तर सही माझी आहे."

"नऊ खोडं चांगली आहेत. तीन बदलली तर?"

चारुदत्तने बाकीच्या खोडांवरून टॉर्च फिरवला. मग म्हणाला, "शुक्रवारी चार वाजता येतो. मधोमध दहा गोणी वाळू ठेवायची. खोड पंधरा मिलिमीटरच्या वर वाकलं तर क्रेन. आत राहिलं तर छप्पर."

अबू सालेहने दोन वर्षं वाळत ठेवलेली तीन खोडं दिली. शुक्रवारी पहाटे मेस्त्रींबरोबर हनीफ आला. दापोलीचा वेल्डर, त्यांच्याच खोलीतला.

"सुट्टीच्या दिवशी फुकट काम! माझ्या बायकोला कळलं तर इथे राहायचा इकामाच रद्द करेल माझा," तो म्हणाला, पण मेस्त्रींच्या आधी भिंतीवर चढला.

खिळा कुठेच नव्हता. जुनी खोडं काथ्यासारख्या दोरीने बांधलेली होती. मेस्त्रींनी एक गाठ सोडून पाहिली, पुन्हा मारून पाहिली, तेव्हा कुठे ती हाताला उमगली. पण नवी खोडं बसवताना त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता कोकणातलं जुनं काम केलं. उजव्या भिंतीवर दगड रचून त्यांनी खोडांची एक बाजू हातभर उचलली. छान उतार झाला. वर चटई पसरली आणि दोघं पेंढा कालवलेली माती चढवू लागले.

माती थांबेना. थापावी तशी घसरत जायची आणि धपकन कालव्यात पडायची.

"बाबाजी, मासे पाळलेस काय खाली?" हनीफ म्हणाला.

तेवढ्यात अबू सालेह चहाचा थर्मास घेऊन आला. छपराकडे बघून त्याने कमरेवर हात ठेवले. मोडक्या हिंदीत विचारलं, "हा डोंगर कशाला?"

"पावसाचं पाणी जायला."

"पाऊस!" म्हातारा हसून खोकला. "तो इथे पाहुणा आहे. वर्षात चारदा येतो. पाहुण्याला कुणी हाकलतं? माती वर राहिली तर खाली सावली. माती गेली तर नुसती चटई."

मेस्त्री भिंतीवर तसेच बसून राहिले. इथे येण्याआधी गावाकडे त्यांनी प्रत्येक छप्पर पावसाच्या भीतीने बांधलं होतं. घड्याळात दीड वाजला होता.

"खलास, काढूया," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. यल्ला, उठ."

दगड उतरले, गाठी सुटल्या, पुन्हा बसल्या. यावेळी माती लोण्यासारखी पसरली आणि जागेवर राहिली. भाकरीचा डबा उघडलाच नाही. आनंदीबाईंचे तीन फोन वाजून गेले.

चारला चारुदत्त आला. नव्या खोडांखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत त्याने दोरी ताणली आणि मधोमध पट्टी धरून आकडा लिहून घेतला. गोण्या वर गेल्या. आठ, नऊ, दहा. दोर करकरले. हनीफने डोळे मिटले. चारुदत्तने अर्धा तास थांबायला लावलं, मग पुन्हा पट्टी धरली.

"अकरा," तो म्हणाला. नीट वाकून पुन्हा पाहिलं. "अकराच."

मेस्त्रींनी खिशातला रुमाल काढून मान पुसली.

चारुदत्तने फोन लावून क्रेन रद्द केली. मग सवयीने वर लेव्हल ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मेस्त्री, हे सपाट नाही. बोटभर उतार आहे कालव्याकडे."

"आहे."

"चुकून?"

"नाही हो. पाहुण्याला हाकलायचं नाही, कबूल. पण निघताना त्याला दार तरी दिसायला नको?"

अबू सालेहला हनीफने ते हिंदीत सांगितलं. म्हाताऱ्याने थर्मासमधला उरलेला चहा सगळ्यांना वाटला. रंगीत हेल्मेट घातलेले दोन सायकलस्वार छपराखाली थांबले, बाटल्या तोंडाला लावल्या आणि वर न बघताच पुढे गेले. मेस्त्री सावलीत टेकले, डबा उघडला आणि घरी फोन लावला.

"पोचलात का पुलावर?" आनंदीबाईंनी विचारलं.

"छपराखाली," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.