नव्या दोराचा पीळ

वर्ध्याला गाडीत बसलो तेव्हा मला पाठ टेकता येत नव्हती. आदल्या दिवशी बाबांनी विहिरीचा दोर दुहेरी करून मला मारलं होतं. मारताना एकच विचारत होते, "टांगलता का?" मी दर वेळी हो म्हणालो. स्टेशनवर पिशवी त्यांनीच हातात दिली. "पोचल्यावर फोन नको करजो," म्हणाले.

केळझरजवळच्या आमच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. आमच्याकडे नवा दोर आधी निंबाला टांगतात, खाली दगड बांधतात. दगड फिरायचा थांबला की मगच दोर कप्पीवर चढवतात. काम माझं होतं. मला बंगळूरला प्रवेश मिळाला होता, घाई होती. दोर टांगला, असं मी नुसतं सांगितलं. तळाशी दादानं दगडगाळाचा ड्रम भरला. आम्ही ओढला. ओझं येताच दोराचा पीळ सुटू लागला, ड्रम गरगरला, भिंतीवर आदळून कलंडला. दादाला वर काढलं तेव्हा कवटी कानामागे फुटलेली होती. आईनं ती पदरानं दाबून धरली. तासाभरानं दादाचा श्वास थांबला, तेव्हा सोडली.

याला अकरा वर्षं झाली. आता मी नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत डीएनए ओढतो. रेणूचं एक टोक काचेला, दुसरं चुंबकी मण्याला चिकटवलेलं. चुंबक वर नेला की ताण, फिरवला की पीळ. पीळ फार झाला की रेणू एकदम वाकतो आणि स्वतःभोवतीच वेटोळी घालतो. ओढल्यावर तो दोरासारखा उलगडेल, असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. हलक्या ताणाला तो आणखी घट्ट वळतो; ताण बराच वाढवल्यावरच उलगडू लागतो. याचा आलेख पडद्यावर प्रथम पाहिला त्या दिवशी मी यंत्र बंद करून खोलीवर निघून गेलो.

"धागा वढाले तुले इतक्या दूर जा लागलं काय रे?" आई फोनवर टोमणा मारते. बाबा फोनवर येत नसत.

या उन्हाळ्यात आले. व्हिडिओवर निंब दिसला, नवा दोर, खाली दगड.

"तू हेच शिकला ना? किती वेळ ठेवू?"

"दगड थांबेपर्यंत. बाबा, तेव्हा मी टांगलाच नव्हता."

"मले मालूम होतं. तुह्या तोंडून पाह्यजे होतं."

मी कट करायला बोट नेलं.

"फोन नको ठेवू," ते म्हणाले.

माझं घर आता एवढंच आहे: एक निंब आणि पलीकडे फोन धरून उभा असलेला माणूस. दगड अजून फिरत होता. आम्ही दोघं बघत राहिलो.