बाटलीच्या तोंडात धार

आमचा नागपुरात तेलघाणा होता. राज्य इंग्रजांचं. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेलो, पण तेलाची धार पाहून भेसळ ओळखत असे. म्हणून मला कोणी अडाणी म्हणू नये.

थोरली पोर तेव्हा सहा वर्षांची. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला. माझी आई म्हणे, "थोडा तिरळा डोळा लक्ष्मीचा राहते." मलाही ते पटलं होतं. पण पोर गिऱ्हाइकाच्या बाटलीत तेल ओतायला बसली की धार हमखास तोंडाच्या बाहेर.

"तिले दिसत नाही वाटते," बायको म्हणाली.

"ध्यान नाही तिचं."

तिनं हट्टच धरला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "डोळा आंधळा नाही. हिला जवळचं बघायला फार जोर लावावा लागतो, त्या जोरानं तो आत ओढला जातो. आणि त्या डोळ्यानं पाहणंच तिनं सोडून दिलंय. आत्ता शिकवला तर शिकेल, मोठेपणी नाही."

"पोरीच्या जातीले चष्मा? उद्या सोयरीक कोण करीन?"

तरी बर्डीच्या बाजारातून चष्मा आणला. घातला, आणि डोळा सरळ! मी चष्मा काढला, डोळा आत. घातला, पुन्हा सरळ. पुन्हा काढला.

"बाबा, पुरे नं गा!" पोर कावली.

मग डॉक्टरनं चांगल्याच डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली. मी भांडायलाच गेलो. "डॉक्टरसाहेब, घाण्याच्या बैलाले चक्कर येऊ नये म्हणून आम्ही त्याचे दोन्ही डोळे झाकतो. तुम्ही एकच झाकता, अन् तोही चांगला?"

"चांगला सारं काम करतो म्हणून दुसरा बसून राहतो ना?"

हे मला कळलं. जोडीतला एक बैल असाच जुवाखाली नुसती मान देऊन चालतो, ओढतो दुसराच.

पट्टी बांधून पोर सुपातल्या जवसातले खडे वेचायला बसायची. आधी नुसती चाचपडायची. शेजारचं पोरगं ओरडलं, "घाण्याचा बैल आला!"

"हो, अन् शिंगही मारीन!"

हळूहळू खडे सापडू लागले. मग डॉक्टरनं दोन भिंगांची एक पेटी काढली. डाव्या डोळ्यापुढे पोपटाचं चित्र, उजव्यापुढे पिंजऱ्याचं. कित्येक खेपा ती एकच सांगायची, "पिंजराच आहे." मग पोपट दिसू लागला, पण बाहेर. आणि एक दिवस ती किंचाळली, "बाबा, पोपट आत बसला!"

मी असा ऐकून विश्वास ठेवणारा नव्हे. हळूच डाव्या भिंगापुढे तळवा धरला.

"उडाला! कोनं उडवला गा?"

चित्रं दोन, वेगवेगळ्या जागी. पिंजऱ्यात बसलेला पोपट त्या पेटीत कुठेच नव्हता. तो माझ्या पोरीच्या डोक्यात होता. देवानं डोळे दोन दिले आणि पाहणं एकच ठेवलं, हे मी इतकी वर्षं दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं नव्हतं.

तरी पोपट डॉक्टरचा. माझी परीक्षा घरी होती. सर्वात निमुळत्या तोंडाची बाटली ठेवली, तेल न सांडता ओतायचं नसराळं तिच्यापुढून काढून घेतलं.

"ओत."

तिनं चष्मा सारखा केला, माप वाकवलं. धार सुतासारखी उतरली, थेट तोंडात. बाटली भरली. मी बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. कोरडं.

"बाबा, दुसरी द्या नं."

घाण्याचा बैल केव्हाचा थांबला होता. मी त्याला हाकायला उठलो नाही. दुसरी बाटली पुढे सरकवली.